दहापैकी सात

विनोदिनीने दहावी पट्टी टेबलावर ठेवली. गंधारने इस्पितळाच्या निकालांचा कागद पडताळला आणि क्षमाकडे पाहिलं.

"सात जुळले, दीदी. नऊ पाहिजे होते."

नवा रायपूरच्या या प्रयोगशाळेत क्षमाने चार वर्षं घालून ही पट्टी तयार केली होती. रक्ताच्या एका थेंबावरून ती सिकलसेल सांगायची. A म्हणजे निरोगी हिमोग्लोबिन, S म्हणजे सिकलसेलचं. दोन्ही रेघा उमटल्या तर माणूस नुसता वाहक, स्वतः आजारी नाही. एकटी S उमटली तर रोगी. गंधार नव्या बायोटेक कंपन्यांत पैसा घालणाऱ्या फंडाचा माणूस. कॉलेजात तिच्या दोन वर्षं मागे होता, तिच्या वह्या उतरवायचा. पैसा देताना त्याने अट घातली होती : इस्पितळातल्या दहा नमुन्यांपैकी नऊ जुळले नाहीत, तर कंपनीची सूत्रं फंडाकडे.

इस्पितळाने रोगी ठरवलेल्या तिघांना पट्टीने वाहक म्हटलं होतं. क्षमाने त्या तीन पट्ट्या उजेडात धरल्या. A ची रेघ ठळक होती. म्हणजे रक्तात A होतंच. मग रोग्याच्या रक्तात ते आलं कुठून?

"या तिघांले रक्त कधी चढवलं?"

"मागच्याच आठवड्यात," गंधार हसला. "वार्डात जाऊन निवडून आणले."

"वा रे भैया!" विनोदिनी उसळली. रायपूरच्या गुढियारी वस्तीतली ही बाई पहिल्या दिवसापासून क्षमाच्या हाताखाली होती. "दुसऱ्याचं रक्त भरलेले पेशंट आणून आमच्या पोट्टीले फेल करून राहिला? शरम नाही वाटत?"

"मले काहून विचारता, मौसी? हे वाचा." त्याने किटच्या खोक्यातलं सूचनांचं पत्रक टेबलावर आपटलं. "रक्त चढवलेल्याची तपासणी करू नका, असं कुठं लिहिलं?"

क्षमाने पत्रक दोनदा वाचलं. तसं कुठेच नव्हतं. तिने सगळ्या चाचण्या शाळांमधल्या मुलांवर केल्या होत्या. रक्त चढवलेलं मूल कधी समोर आलंच नव्हतं. जे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं, ते लिहायला ती विसरली होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.

"मग कर सही." गंधारने सूत्रं सोपवण्याचा कागद काढला आणि सहीच्या जागी खूण केली.

"करते. पण दवाखान्यांत वाटलेले दोन हजार किट आधी परत बोलवायचे."

"पागल झाली का? पुढच्या महिन्यात मोठा फंड येऊन राहिला. किट परत बोलावले तर कोण पैसा टाकेल?"

"ज्या लेकराले रक्त चढवावं लागते, त्यालेच आपली पट्टी सांगते, तुले काही नाही. त्याचं औषध बंद होईल, गंधार."

"ते आता फंड पाहील. तू तात्यापाऱ्यातल्या तुझ्या घरी जा, ट्यूशन घे."

सही होईपर्यंत कंपनीची प्रमुख तीच होती. तिने संगणक ओढला आणि आरोग्य विभागाला चार ओळी लिहिल्या : किटचा क्रमांक, काय चुकतं, कोणावर चुकतं, किट परत घेतो तोवर वापर थांबवा. खाली नाव आणि हुद्दा.

मागून वाचणाऱ्या गंधारचा आवाज एकदम उतरला. "दीदी, रुको. सूत्रं राहू दे तुझ्याजवळच. मी सातचे नऊ करतो. आत्ताच लिहून देतो, हव?"

क्षमाचं बोट थांबलं.

क्षमाने बटण दाबलं. पत्र गेल्याचं पडद्यावर दिसलं तेव्हा तिने गंधारच्या हातातला कागद ओढून घेतला, त्याने खूण केलेल्या जागी सही केली आणि त्याच्यापुढे धरला.

गंधारने तो घेतला नाही.