कुवानो को, बदली फलंदाज

युद्ध संपून तिसरा वसंत लागला होता. मी, हागिवारा सुमिए, तेव्हा बावीस वर्षांची होते. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी सोडून बेसबॉलच्या मैदानावर बसणार म्हटल्यावर थोरल्या भावाने माझ्याशी अबोला धरला. पण हामाउराच्या कामोमे संघाला आवाज हवा होता. संघाचे नवे कपडे पॅराशूटच्या कापडाचे शिवले होते, आणि पाठीवर आकडे लावायला वेगळं कापड उरलंच नव्हतं. मैदानात नऊ पांढरे ठिपके हलायचे, त्यातला कोण कोणता ते प्रेक्षकांना समजत नसे. म्हणून व्यवस्थापक ओनिझुकांनी मला बोलावलं, बंद पडलेला एक फोन हातात दिला आणि म्हणाले, "बोल काहीतरी."

मी सवयीने म्हणाले, "कोणता नंबर हवाय आपल्याला?"

"झालं. उद्यापासून ये."

फलंदाजाच्या जागेमागे लाकडी खोकं होतं, त्यात माझी खुर्ची आणि माइक. समोर मैदान, त्यापलीकडे बंदरावरची कोठारं, त्यापलीकडे समुद्र. दुपारी समुद्रावर असं काही धुकट ऊन साचायचं, की बेटं पाण्याला टेकलेली आहेत की हवेत तरंगताहेत ते कळू नये. युद्धाच्या वर्षांत मैदानात रताळी लावली होती. गवत पेरलं तरी डाव्या टोकाला त्यांचे वेल वर यायचेच, आणि आमचा खेळाडू त्यातून पाय उचलून उचलून धावायचा. मी नाव पुकारलं की ते कोठारांवर आपटून परत यायचं. सगळ्यांना दोनदा हाक मारल्यासारखं वाटायचं. दुसरी हाक माझी नाहीच, असं मला पुष्कळदा वाटे.

पहिल्या पंधरा सामन्यांतले अकरा आम्ही हरलो.

मे महिन्यात एक बाई माझ्या खोक्याशेजारच्या बाकावर येऊन बसायला लागल्या. साठीच्या असतील. छत्री मिटवून मांडीवर आडवी धरायच्या आणि सबंध सामना फक्त डाव्या टोकाकडे बघायच्या. चेंडू कुठेही असो, त्यांची नजर तिकडेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला कागदात गुंडाळलेलं उकडलेलं रताळं दिलं.

"घसा कोरडा पडत असेल. खा, पोरी."

"काकू, तुम्ही कुणासाठी येता?"

"माझा मुलगा तिथे उभा राहायचा." त्यांनी छत्रीच्या टोकाने वेल दाखवले. "कुवानो. तीन वर्षं. मग जहाजात बसून दक्षिणेकडे लढाईला गेला."

पुढचं विचारावं लागलं नाही. त्यांच्या घरी अस्थींची म्हणून एक लाकडी पेटी आली होती, आत नावाची चिठ्ठी आणि एक खडा. ती त्यांनी अजून पुरली नव्हती. खड्याला मूठमाती काय द्यायची, म्हणाल्या.

जूनभर पाऊस, मग संघ परगावी. गाडीत जागा नसे, खेळाडू वर्तमानपत्रं अंथरून वाटेत झोपत. जुलैत सगळे परतले ते सहा वेळा हरून. काकू बाकावर होत्याच. त्या दिवशी सामना सुरू व्हायच्या आधी त्या खोक्याच्या खिडकीशी आल्या.

"एक मागू का गं? एकदा त्याचं नाव घेशील, त्या यंत्रातून? इतरांचं घेतेस तसं."

 मी ओनिझुकासानांना, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांना, विचारायला गेले. ते बूट झटकत होते.

"मेलेल्या माणसाला फलंदाजीला पाठवू? पंच काय म्हणेल?" ते माझ्यावर खेकसले. "जा, आपलं काम कर."

मी परत आले. नाही म्हणायचा धीर होईना. जुन्या वहीत संघाची यादी होती, त्यात कुवानोचं नाव होतंच. यंत्र बंद ठेवून मी काकूंकडे वळले आणि माझ्या कामाच्या आवाजात, हळूच म्हणाले, "डावे क्षेत्ररक्षक, कुवानो को."

काकूंनी मान वर केली.

"हा कोण?"

मी वही पुढे केली. त्यांनी नावाच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं. "हे वातारु आहे. वातारु, पाण्यावरून जाणारा. त्याचे वडील होडी चालवायचे, त्यांनी ठेवलं."

आमच्या चित्रलिपीत अक्षर एकच, वाचायच्या तऱ्हा दोन: को आणि वातारु. नाव विचारल्याशिवाय वाचायचं नाही हा माझ्या कामातला पहिला धडा, आणि मी तोच विसरले होते.  तेवढ्यात खेळाडूंच्या बाकावरून त्सुगेसान उठून आले. ते संघातले जुने, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारे. गुडघा गेल्यापासून बहुतेक वेळ बसूनच असत.

"पण काकू, आम्ही सगळे त्याला 'को' असंच म्हणायचो. तीन वर्षं."

"त्याने सांगितलं नाही तुम्हाला?"

"तो? अहो, तो इतकी बडबड करायचा की त्यात सांगायचं राहिलं असेल! डाव्या टोकावरून सबंध सामना ओरडत असायचा. गाणीसुद्धा म्हणायचा, बेसूर."

"माझा मुलगा?" काकूंचा चेहरा कठीण झाला. "त्याच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघायचे नाहीत. शेजारी मुका समजायचे त्याला."

"आणि माझ्या डब्यातला खारवलेला आलुबुखार रोज पळवायचा."

"त्याने घरी कधी आलुबुखाराला हात लावला नाही. तुम्ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताय." त्यांनी छत्री उचलली आणि सामना सुरू व्हायच्या आत निघून गेल्या.

चार सामने बाक रिकामा होता. मी नावं पुकारत होते, कोठारं ती परत पाठवत होती, आणि माझं लक्ष त्या रिकाम्या फळीवर. त्सुगेसान दोनदा येऊन विचारून गेले, "आल्या का?" मी मान हलवली की परत जायचे.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्या आल्या, नेहमीपेक्षा तासभर आधी. झाडांवर किडे इतके किरकिरत होते की सगळं मैदानच झोपेत बडबडतंय असं वाटावं. त्यांच्या हातात डबा होता. तो त्यांनी त्सुगेसानांपुढे ठेवला. आत खारवलेले आलुबुखार.

"तो चोरायचा ना? भरपाई. आता तुमच्या त्या 'को'बद्दल अजून काही सांगा."

मग हा प्रकार उन्हाळाभर चालला. खेळाडू सरावातून येऊन बाकाभोवती बसत आणि कोबद्दल सांगत. काकू वातारुबद्दल सांगत: होडीच्या कडेवर पालथा पडून पाण्यात हात सोडून राहायचा, तासन् तास. एकजण म्हणाला, "को तर पाण्याला घाबरायचा!" काकू एवढ्या हसल्या की छत्री खाली पडली. ऊन पांढरं होत जायचं, माणसं पुसट व्हायची, आणि मला भास व्हायचा की त्या वेलांत दोघं उभे आहेत, एक गाणारा आणि एक गप्प, एकमेकांना न ओळखणारे.

ओनिझुकासान मात्र त्या घोळक्याजवळ फिरकत नसत. सप्टेंबरात एकदा माझ्या खोक्यापाशी थांबले, टोपी काढून तिच्या आत बघत म्हणाले, "पहिल्या दिवशी यादी मीच वाचली होती. को म्हणून हाक मारली. तो 'हो' म्हणाला. मग तीन वर्षं 'हो'च म्हणत राहिला, गाढव." आणि निघून गेले.

ऑक्टोबरात शेवटचा सामना ओसाकाच्या संघाशी होता. आमचा शेवटचा नंबर केव्हाच पक्का झालेला. प्रेक्षक थोडे, वारा गार. आठव्या डावात ओनिझुकासानांनी माझ्याकडे चिठ्ठी पाठवली. मी ती दोनदा वाचली आणि काकूंकडे वळले.

"काकू, कोणतं नाव घेऊ?"

त्यांनी चिठ्ठीतलं अक्षर पाहिलं. 

"घरी मी वातारु म्हणतेच की, रोज. इथे त्याला को म्हणत होते. को म्हण."

मी यंत्र सुरू केलं. "बदली फलंदाज, कुवानो को."

कुणीच बाहेर आलं नाही. ओसाकाचा गोलंदाज चेंडू हातात धरून थांबला. मग त्याच्या संघातल्या जुन्यांपैकी कुणीतरी त्याला मागून काहीतरी सांगितलं, आणि त्याने टोपी काढली. पंचाने मुखवटा वर केला. फलंदाजाची जागा रिकामी होती, आखलेल्या चुन्यावर वारा फिरत होता. कोठारांकडून नाव परत आलं: को. आमच्या खेळाडूंपैकी कुणीतरी ओरडलं, "हो!" कोण ते मला आजही माहीत नाही.

मग ओनिझुकासान मैदानात गेले. "माझा फलंदाज लांब आहे," ते पंचाला म्हणाले.  "त्सुगे खेळेल."

त्सुगेसान लंगडत गेले. दुसऱ्याच चेंडूला त्यांनी असा टोला हाणला की सगळे उठून उभे राहिले. चेंडू डावीकडे उंच गेला, धुकट उन्हात दिसेनासा झाला, आणि ओसाकाच्या पोराने तो वेलांजवळ अलगद झेलला. आम्ही चार-एक हरलो.

नोव्हेंबरात काकूंनी पेटी पुरली. पाच खेळाडू लष्करी कोट घालून आले. ओनिझुकासानांची गाडी चुकली, ते धापा टाकत पोचले तेव्हा उदबत्त्या अर्ध्या जळल्या होत्या. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वातारु, माफ कर." काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

नंतर टेकडीखालच्या दुकानात सगळ्यांनी गरम शेवयांचं सूप घेतलं. त्सुगेसानांनी दोन वाडगे संपवले.

"सराव कधी सुरू होतो तुमचा?" काकूंनी विचारलं.

"फेब्रुवारीत, काकू. पण थंडी फार असते तेव्हा."

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि तिसरा वाडगा त्सुगेसानांपुढे सरकवला.