काजलच्या समोरचा दिवा

किन्हवलीचा ज्ञानेश्वर वायरमन कामाला वाघ, आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. दोन हजार सहा साली मुरबाडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात आगीची सूचना देणारी यंत्रणा बसवायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा त्याने शब्द टाकून शेजारच्या धोंडीबाईच्या काजलला तिथे चिकटवून दिलं.

काजल जन्मापासून बहिरी. बावीस वर्षांची, हाताला चलाख, पण आग लागली तर हिला हाक कशी मारायची, असं म्हणून जो तो हात झटकायचा. आता परदेशातल्या गिऱ्हाइकाची अटच होती की प्रत्येक खोलीत बोलणारा स्पीकर हवा आणि त्याच डब्यात लखलखणारा दिवा हवा.

"मावशे, हाक मारायची गरजच नाय," ज्ञानेश्वर धोंडीबाईला म्हणाला. "तिला दिवा सांगल. मी सोता बसवतोय."

पॅकिंगच्या हॉलच्या टोकाला छातीएवढं पार्टिशन होतं. त्याच्या आत काजल टॉवेल तपासायला बसायची, तोंड भिंतीकडे आणि पाठ हॉलकडे. बरोबर तिच्या डोळ्यांसमोर त्याने तो डबा ठोकला. स्पीकरची वायर वेगळी, दिव्याची वेगळी. मागचं बटण सरकवून उजेड सगळ्यात मोठ्यावर ठेवला. चाचणीला दिवा लखलखला तशी काजल खुदकन हसली आणि न सांगता दाराकडे चालू लागली. ज्ञानेश्वरला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की घरी जाऊन त्याने ते बायकोला दोनदा सांगितलं.

पण त्याच चाचणीत घोटाळा झाला. पार्टिशनलगतच्या टेबलावर ठाकूरवाडीची जना बसायची. दिवा फडफडू लागला तसे तिचे डोळे फिरले, अंग ताठ झालं आणि ती खाली पडली. डॉक्टरने फीट म्हटलं असतं. पण डॉक्टरला विचारलं कोणी? बायका म्हणाल्या, वारं आलं. वाडीवरच्या भगताने दिव्यालाच दोष दिला, आणि दुसऱ्या दिवशी पंचवीस बायका गेटाबाहेर बसून राहिल्या.

"उजेड कमी करतो," ज्ञानेश्वर म्हणाला.

"कमी नाय नि जास्ती नाय," त्यांच्यातली ठमी म्हणाली. "तो पेटायचाच नाय. तवाच आमी आत येऊ."

सुपरवायझर हरेश रडकुंडीला आला होता. माल चार दिवसांत निघायचा होता आणि त्याच आठवड्यात गिऱ्हाइकाचा तपासणीवाला साहेब येणार होता. दिवा नुसता सोडवला असता तर सगळ्या वायरींवर नजर ठेवणाऱ्या दारापाशीच्या पॅनेलला वायर तुटल्याचं कळलं असतं आणि ते पिवळा दिवा लावून टीं टीं करत बसलं असतं. हरेश म्हणाला, "तुला जमल रे. माल गेला का परत जोडू."

जमणार होतंच. ज्ञानेश्वरने डबा उघडला, दिव्याकडे येणारी आणि तिथून पुढे जाणारी वायर एकमेकींना जोडली, लाल लालला आणि काळी काळीला, टेप मारली आणि झाकण लावलं. दिवा मधून वगळला गेला. पॅनेलच्या लेखी वायर अखंड. हिरवा दिवा तसाच. हे कसब दहा वायरमनात एकाला असतं, आणि त्या घटकेला त्याला त्याचा अभिमान वाटला, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

काजल तिथेच बसली होती. तिने डब्याकडे बोट दाखवून मान हलवली, ठीक आहे ना? त्याने हसून अंगठा दाखवला. चार दिवसांसाठी कशाला पोरीला घाबरवा, असा त्याचा हिशोब.

माल गेला. लगेच दुसरी ऑर्डर आली. ज्ञानेश्वरला शहापूरला नवं काम लागलं आणि तिकडच्या घाईत ते राहून गेलं. माणसाचं असं राहून जातं, म्हणतात. मला विचाराल तर राहून जात नाही, माणूस ते राहू देतो.

दिवाळीनंतर एका भर दुपारी हॉलमागच्या कचऱ्याच्या खोलीत आग लागली. स्पीकर स्वच्छ मराठीत बोलला, बाहेर पडा. पंचवीसच्या पंचवीस बायका बाहेर आल्या. काजलचा खांदा कुणीच हलवला नाही. तो दिवा आता पेटत नाही, हे धुराच्या भरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तिला दिवा आहे, हेच सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ती खुर्चीजवळ सापडली.

चौकशी झाली. डबा वितळून गेला होता आणि पॅनेलची नोंद निर्दोष होती. बायकांना कुणी विचारलं नाही आणि हरेशने आपणहून सांगितलं नाही. पंचवीस जीव वाचवल्याबद्दल मालकाने ज्ञानेश्वरला शाल दिली. त्याने ती घेतली.

तेराव्याला धोंडीबाईने त्याला विचारलं, "दिवा पेटला व्हता ना रे?"

"पेटला व्हता, मावशे."

त्यानंतर धोंडीबाई बदलली. पाणवठ्यावर, एसटीच्या थांब्यावर, भेटेल त्याला सांगू लागली की पोर लहानपणापासून वेंधळीच, समोर दिवा पेटला तरी हिचं ध्यान दुसरीकडं. अंगणात भात वाळवताना एकटीच बडबडायची. "डोळं व्हतं ना तुला? डोळं तरी दिलं व्हतं ना देवानं?" भिंतीपलीकडे ज्ञानेश्वरला ते रोज ऐकू यायचं.

होळीच्या आदल्या दिवशी तो तिच्या ओटीवर जाऊन बसला आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. वायर, टेप, अंगठा, काहीही सोडलं नाही. आता ही उठून मारेल, आणि मारलं तर बरं, असं त्याला वाटत होतं.

धोंडीबाईने हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे ती बघत बसली व्हती," ती म्हणाली. "तू सांगितल्यावानी."

त्याने मान हलवली.

"आन् मी चार महिने तिलाच शिव्या घातल्या रे."