सहाशे चाळीस पावले

मित्रांनो, एका जागी बसून गोष्ट सांगणे मला जमत नाही, पण आज तो प्रयत्न करते. मी पावले मोजणारी एक जुनी डबी आहे. काडेपेटीएवढी, राखाडी रंगाची, पाठीला चिमटा असलेली. माझ्या पोटात एक बारीक पट्टी स्प्रिंगवर तरंगत असते. मला कमरेला लावून कुणी पाऊल टाकले की ती पट्टी खाली आपटते, टिक असा आवाज होतो आणि माझ्या काचेतला आकडा एकाने पुढे सरकतो. हलणे हेच माझे काम. वर्गात हाताची घडी घालून बसायला सांगितले की तुमचे कसे होते? मला टेबलावर ठेवले की माझे तसेच होते.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे एक यंत्र आम्हा डब्यांना शंभर वेळा हलवून पाही. कुणी सत्त्याण्णव दाखवले, तर कुणी एकशे दोन. त्या सगळ्या एका खोक्यात फेकल्या गेल्या. मी बरोबर शंभर दाखवले. त्या दिवसापासून मला वाटू लागले की आपण कधीच चुकत नाही.

पुढे माझ्यासारख्या सहा डब्या एका मोठ्या रुग्णालयात आल्या. इतरांच्या आजारपणात राबणाऱ्या माणसांच्या स्वतःच्या तब्येतीचे काय होते, याचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आम्हाला घेऊन आल्या होत्या. जाड चष्मा, खांद्यावर कागदांची पिशवी. वॉर्डातल्या मदतनीस बायकांचे गुडघे आणि पाठी लवकर का जातात, हे त्यांना शोधायचे होते. वॉर्डात अठ्ठेचाळीस खाटा आणि सहा मदतनीस. प्रत्येकीच्या वाट्याला आठ खाटा. सगळे त्यांना मावशीच म्हणत. आणखी दोन जणी द्या, असे त्या वर्षानुवर्षे सांगत होत्या आणि वरून एकच उत्तर येई, आकडे दाखवा. ते आकडे आम्ही गोळा करणार होतो.

मी थोरल्या मावशींच्या वाट्याला आले. त्यांना या वॉर्डात बावीस वर्षे झाली होती.

"काय मोजणार गं ही? माझं वय?" त्यांनी विचारले.

"पावलं मोजणार," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

"मग निम्मी वजा कर. चादर आणायला जावं तर कपाटाची किल्ली सिस्टरकडे. सिस्टरकडे जावं तर ती चादर शोधायला गेलेली."

काय सांगू, किती सुखाचे दिवस होते ते! सकाळी सात वाजता मी मावशींच्या कमरेला बसे आणि दुपारी तीनपर्यंत मला श्वास घ्यायला फुरसत नसे. भांडी, चादरी, अंग पुसणे, कुणाला कुशीवर वळवणे, कुणाला हात धरून न्हाणीघरात नेणे. टिक टिक टिक. रोज चौदा हजार, कधी सोळा. बाई आकडा पाहून भुवया उंचावत आणि मी फुगून जाई.

"आमच्या ह्यांना सांगितला काल आकडा," मावशी एकदा म्हणाल्या. "तर म्हणतात, एवढी चालतेस तर बारीक का होत नाहीस?"

घोटाळा केला तो ठेंगण्या मावशींच्या डबीने. खरे तर डब्या घरी न्यायच्या नव्हत्या. ठेंगण्या मावशींनी ती नेली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर एकतीस हजार पावले निघाली.

"मावशी, काल परगावी गेला होतात की काय, चालत?" बाईंनी विचारले.

"नातीला दिली होती हो. दोरीवरच्या उड्या मारल्यान् तिनं तासभर. म्हटलं, आकडा मोठा दिसला तर दोन बाया जास्त मिळतील वॉर्डाला."

सगळा वॉर्ड हसला, दुखणाईतसुद्धा. हसल्या नाहीत त्या मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरच्या अधिकारी. यापुढे कुणी डबीशी खेळ केला तर तिची बदली धुलाईघरात, असे त्यांनी सांगितले. थोरल्या मावशींच्या वयाच्या बाईला धुलाईघर म्हणजे दिवसभर ओली फरशी आणि पाणी प्यायलेल्या चादरींचे गठ्ठे. शिवाय बाईंच्या कागदावर आधीपासून एक नियम होता. एक हजारापेक्षा कमी पावले दिसली, तर त्या दिवशी डबी लावलीच नव्हती असे समजायचे आणि तो दिवस लाल रेघेने खोडायचा. असे काही दिवस त्यांनी खोडलेही होते. आता अशा मावशीचे नाव शनिवारी मेट्रनना कळवायचे ठरले.

मंगळवार होता. बारा नंबरच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांच्या छातीत पाणी साठत होते आणि डॉक्टरांनी करण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांची मुलगी दूरच्या शहरात राहत होती. तिला सकाळीच निरोप गेला होता आणि ती निघालीही होती, पण पोहोचायला तिला संध्याकाळ होणार होती.

आठच्या सुमारास सिस्टरनी बारा नंबरकडे पाहिले, मग थोरल्या मावशींकडे पाहिले आणि औषधांचे कपाट लावायला पाठ फिरवली. ठेंगण्या मावशी पुढे आल्या.

"आज पाळी कुणाची?"

"माझी," थोरल्या मावशी म्हणाल्या.

"बस मग. तुझ्या खाटा आम्ही वाटून घेतो. आणि तो सोळा नंबरचा आजोबा माझ्याकडे नको, चावतो तो."

मला काहीच कळेना. कसली पाळी? मित्रांनो, या बायकांची ती जुनी रीत होती, पण कुठल्याही वहीत लिहिलेली नव्हती. जाणाऱ्या माणसाजवळ त्याचे कुणी नसेल, तर सहांपैकी एकीने सगळे काम सोडून त्याच्याजवळ बसायचे. तिच्या उरलेल्या सात खाटा बाकीच्या पाच जणींनी ओढायच्या. नियमाप्रमाणे हा गुन्हाच होता. एका रुग्णासाठी सात रुग्ण सोडता येत नाहीत. मेट्रनना कळले असते तर पाठ फिरवणाऱ्या सिस्टरचीही खैर नव्हती. म्हणून याबद्दल कुणी बाहेर बोलत नसे.

आजींना आडवे झाले की गुदमरायला होई. उशा लावून पाहिल्या, त्या घसरत. शेवटी मावशी चपला काढून खाटेवर चढल्या, आजींच्या मागे बसल्या आणि त्यांना त्यांनी आपल्या छातीशी टेकवून घेतले. मी दोघींच्या मध्ये सापडले. माझी एक बाजू मावशींच्या कमरेला, दुसरी आजींच्या पाठीला.

तास गेला. दोन तास गेले. माझा जीव कासावीस झाला. पलीकडे पाच जणींची धावपळ ऐकू येत होती, ठेंगण्या मावशींच्या डबीची टिक टिक तर थांबत नव्हती, आणि मी सहाशे चाळीसवर अडकलेली! मनात मी मावशींवर चिडले होते. उठा ना, निदान दारापर्यंत जाऊन या, माझी अब्रू जाते आहे.

"निघाली का हो ती?" आजी मधूनच विचारीत.

"निघाली. वाटेतच आहे."

"डबा घेतला असेल ना तिनं? भूक सोसत नाही तिला."

"घेतला असेल. आईची लेक आहे, उपाशी कशाला निघेल?"

थोड्या वेळाने पुन्हा तेच. "निघाली का?" मावशी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखे उत्तर देत. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पोटरी थरथरत होती, तरी त्यांनी मांडी बदलली नाही.

मग मला काहीतरी जाणवले. आजींच्या पाठीतून श्वास येत होता. तो आला की माझ्या पोटातली पट्टी किंचित हले, गेला की स्थिर होई. आकडा पुढे जाण्याइतकी ती आपटत नव्हती. पावले मोजायला मला शिकवले होते, हे मोजायला कुणी शिकवले नव्हते. दुपारी श्वास विरळ होत गेले. दोन वाजायच्या आधी एक श्वास आला, पट्टी हलली आणि मग ती हललीच नाही. वॉर्डात कुणालाही कळण्याआधी मला कळले. मावशींनाही कळले असावे, कारण त्या म्हणाल्या, "पोहोचेल हं ती," आणि तीन वाजता मला कमरेवरून काढेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

मुलगी सहा वाजता आली. तोवर मावशींची पाळी संपून त्या घरी गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझा आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"मावशी, काल डबी लावली नव्हती का?"

"लावली होती."

"मग सहाशे चाळीस कशी?"

खरे सांगावे तर सिस्टर अडकणार, बाकीच्या पाच जणी अडकणार आणि ती रीतच बंद पडणार. "डबी कमरेलाच होती," एवढेच त्या पुन्हा म्हणाल्या.

बाईंना त्यांना खोटे ठरवायचे नव्हते. डबीच बिघडली असेल, म्हणून त्यांनी मला स्वतःच्या कमरेला लावले आणि मोठ्याने मोजत लांब व्हरांड्यात शंभर पावले टाकली. मित्रांनो, तेव्हा मी मनापासून चुकायचा प्रयत्न केला. पट्टी आवरून धरायला पाहिले. पण मी यंत्र आहे. काचेत शंभरच आले. बाईंचा चेहरा उतरला. ज्या अचूकपणाचा मला एवढा गर्व होता, त्यानेच मावशींना खोटे पाडले.

शनिवारपर्यंत मी बाईंच्या वॉर्डातल्या टेबलावर पडून होते. आता धुलाईघरात जावे लागणार म्हणून थोरल्या मावशी ठेंगण्या मावशींना एकेक गोष्ट दाखवून ठेवत होत्या. मऊ टॉवेल कुठे लपवले आहेत, नऊ नंबरला औषध कसे फसवून द्यायचे.

"आक्का, गप्प का बसलीस? सांगून टाक की त्या चष्मेवालीला," ठेंगण्या मावशी म्हणाल्या.

"आणि पुढच्या वेळी कोण बसेल गं? तू? मेट्रनच्या समोर?"

शनिवारी सकाळी बाईंनी नावाची चिठ्ठी लिहायला घेतली. मावशींना शेवटचे विचारावे म्हणून त्यांनी समोर बसवले होते. तेवढ्यात बारा नंबरच्या आजींची मुलगी आईचे सामान न्यायला आली. चष्मा, कंगवा, एक शाल. पिशवी हातात घेऊनही ती जाईना.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "आईला शेवटची आंघोळ घालताना तिच्या पाठीवर, खाली, एक वळ दिसला. एवढासा, चौकोनी. चार रात्री मी तोच बघते आहे डोळ्यांपुढे. ती पडली होती का? की कुणी... मला भांडायचं नाही. फक्त सांगा."

मुलीची नजर टेबलावर फिरत फिरत माझ्यावर आली. तिने मला उचलले, बोटांच्या पेरांनी लांबी पाहिली, मग रुंदी पाहिली.

"हा," ती म्हणाली. "हा असाच होता."

बाईंकडे गप्प राहणाऱ्या मावशींना तिच्यासमोर गप्प राहता आले नाही.

"ती माझी डबी, पोरी. मी मागे बसले होते त्यांच्या. आडवं होता येत नव्हतं ना. मध्ये रुतली असेल, माझ्या लक्षातच आलं नाही. काढून ठेवायला हवी होती मी. चुकलं माझं."

"किती वेळ?"

"सकाळपासून. त्या गेल्या तोवर."

"काही म्हणाली?"

"सारखं विचारत होत्या, निघाली का म्हणून. मी सांगत होते, वाटेत आहे. डबा घेतलास का, याची काळजी होती त्यांना."

मुलगी स्टुलावर बसली. रडली नाही. पिशवी मांडीवर घेत म्हणाली, "नव्हता घेतला."

बाईंनी चिठ्ठी फाडली. मग लाल रेघेने खोडलेले सगळे दिवस त्यांनी बाहेर काढले. नऊ निघाले, वेगवेगळ्या मावशींचे. त्या प्रत्येक दिवशी बाकीच्या पाच जणींची पावले वाढलेली होती आणि त्या प्रत्येक दिवशी वॉर्डातली एक खाट रिकामी झालेली होती. सांभाळणे म्हणजे काय ते मोजायला निघालेल्या बाईंनी नेमके तेच दिवस निरुपयोगी म्हणून फेकले होते.

त्या कागद घेऊन मेट्रनकडे गेल्या, तेव्हा मी त्यांच्या खिशात होते. मेट्रननी सगळे वाचले. चष्मा काढला, पुसला.

"हे नियमात बसत नाही."

"नाही बसत," बाई म्हणाल्या.

"नियम बदलायला वर्ष लागेल. तोवर अशा दिवशी मला फोन करत जा. म्हणजे मी त्या वॉर्डाकडे फिरकणार नाही."

मावशी वॉर्डातच राहिल्या. अहवालात ते नऊ दिवस परत आले. दोन बाया मागितल्या होत्या, एक मिळाली.

त्यानंतर मनगटावरची घड्याळे पावले मोजू लागली आणि आम्ही डब्या अडगळीत गेलो. बाकीच्या पाच डब्या कचऱ्यात गेल्या. मला त्या मुलीने मागून घेतले. तिच्या कपाटात, तिच्या आईच्या शालीवर मी असते. माझा सेल केव्हाच संपला आहे. ती अधूनमधून मला तळहातावर घेते, हलवत मात्र नाही, आणि माझी चुळबुळ काही संपत नाही. न मोजलेल्या त्या श्वासांचा आकडा मला आजही सांगता येत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी आजारी माणसाजवळ दिवसभर बसलेले दिसले, तर नुसतेच बसले आहे असे समजू नका. त्याचा पाय अवघडलेला असतो आणि ते तो सांगणार नाही. त्याला पाणी नेऊन द्या. मग जवळ जाऊन हळूच म्हणा, "तू जरा चालून ये. तोवर मी बसतो."