बाळंतिणीची लापशी
नॉर्वेच्या उत्तरेला स्कार्वेय नावाचं बेट आहे. तिथला वारा असा, की दोरीवर वाळत घातलेला कॉड मासा संध्याकाळी शेजारच्या बेटावर सापडतो आणि शेजारी तो आपलाच म्हणून खाऊनही टाकतात. अशा वाऱ्यात तिथल्या बायका तान्ही पोरं बाबागाडीत घालून दुपारी घराबाहेर झोपवतात. लोकरीत गुंडाळायचं, गाडी भिंतीच्या आडोशाला लावायची आणि आपण आत बसून कॉफी प्यायची. मोकळ्या हवेनं पोर काटक होतं म्हणे. होतंही. पोरांची तक्रार कधी नव्हतीच.

तक्रार होती इंगविल्डची, आणि ती ऐकायला अख्ख्या बेटावर एक कान मोकळा नव्हता.

पोटुशी असतानाच धास्तीनं तिला पोखरलं होतं. पोटातली हालचाल जरा थांबली की ती गार पाणी पिऊन, कूस बदलून, जीव मुठीत धरून पडून राहायची. "पहिलटकरणीला होतंच असं," नवरा आस्लाक म्हणायचा. जणू त्याची स्वतःची चौथी खेप होती! मग गुटगुटीत मुलगा झाला, आस्लाक मासेमारीला निघून गेला, आणि धास्ती पोटातून उतरायची सोडून छातीवर चढून बसली. बाळ झोपलं की ही जागी, त्याच्या नाकापुढे बोट धरून. पोर बाहेर झोपवताना ती बाबागाडीच्या चाकाला जाळ्याची दोरी बांधायची आणि दुसरं टोक खिडकीतून आत घेऊन आपल्या मनगटाला.

"इंगविल्डनं पोर नांगरून ठेवलंय गं!" शेजारीण हालदीस म्हणाली आणि गाव पोट धरून हसलं. मनगटावरचे वळ मात्र कुणाला दिसले नाहीत.

आरोग्य केंद्रातली नर्स मारित आली. तिनं बाळ तोललं. "छान भरलंय!"

"मला झोप येत नाही, मारित. डोळा मिटला की..."

"आयांना काळजी असायचीच," मारित म्हणाली आणि वजनकाटा पिशवीत घालून चालती झाली.

मग लापशी येऊ लागली. आंबट सायीची, वर लोण्याचं तळं, साखर, दालचिनी. बाळंतिणीला ताकद यावी म्हणून शेजारणींनी ती न्यायची, ही पणजीच्या पणजीपासूनची रीत. आता रीत अशी झालेली, की बायका बाळाला बघतात, लापशी स्वतःच ओरपतात आणि बाळंतीण त्यांना कॉफी करून देते! "तू बस गं," असं तोंडानं म्हणायचं, पण खुर्ची सोडायची नाही.

एके दिवशी लापशीच्या आधी सासू गुनवोर आली. तिनं दोरी पाहिली, मासे कापायची सुरी काढली आणि कचकन दोरी कापून टाकली.

"पुरे झालं. लोक हसतात."

इंगविल्ड उठून बाहेर गेली. तिनं गाडीतून बाळ उचललं आणि सासूच्या हातात दिलं. मग स्वतः बाबागाडीत चढली.

ती गाडी आस्लाकच्या आजोबांनी बांधलेली. आजोबा होडी बांधणारे, दुसरं काही बांधायचा हात नव्हता. तिच्यात एकदा तीन भावंडं आणि एक मेंढी एकदम झोपली होती. मेंढीबद्दल वाद आहे. इंगविल्ड पाय दुमडून आडवी झाली आणि घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

तेवढ्यात हालदीस पातेलं घेऊन आली, मागे मारित काटा घेऊन. हालदीस सवयीनं गाडीवर वाकली. "कुठाय माझं सोनुलं... अगं बाई! तू?"

"मोकळी हवा खातेय."

"आणि बाळ?"

"बघ! आल्या आल्या पहिला प्रश्न तोच. बाळ आजीकडे आहे, ठणठणीत आहे. आता या गाडीत कोण आहे ते विचार."

"उतर खाली!" दारातून गुनवोर ओरडली.

त्या बेटावर पाद्र्यालाही अरे-तुरे करतात, तिथं सासूची कसली भीड? "नाही उतरत, गुनवोर! पोटात बाळ असताना तुला सांगितलं, मला भीती वाटते. तू लोकरीचे मोजे दिलेस. मारितला सांगितलं, तिनं बाळ तोललं. हालदीसला सांगायला गेले, तर ती माझ्या वाटणीची लापशी चाटत बसली होती. एकीनं तरी विचारलंत, इंगविल्ड, तू कशी आहेस? विचारेपर्यंत मी इथंच. पडू दे बर्फ अंगावर!"

हालदीसनं पातेल्यात मान घातली. गुनवोर तरातरा गाडीपाशी आली. मग तिचं लक्ष घोंगडीबाहेर आलेल्या मनगटाकडे गेलं. तिथं कातडी सोलवटली होती.

"इंगविल्ड," ती हळूच म्हणाली, "कशी आहेस तू?"

"बरी नाही." मग बांध फुटला. "सारखं डोळ्यापुढे येतं, बाळ गेलंय. जागेपणीसुद्धा."

मारितनं काटा बर्फात ठेवला. "ही नुसती काळजी नव्हे, आजार आहे. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. याला उपचार आहेत. उद्याच्या बोटीनं आपण डॉक्टरकडे जाऊ. मी येते तुझ्याबरोबर."

"आणि आज?"

"आज तू खा आणि झोप," गुनवोर म्हणाली. "बाळाचा श्वास न् श्वास मी बघते."

हालदीसनं चमच्याचमच्यानं सगळं पातेलं इंगविल्डच्या पोटात रिकामं केलं. इंगविल्ड तिथंच, गाडीतच, झोपली. त्या दुपारी बोट भोंगा न वाजवता धक्क्याला लागली. कप्तान म्हणतो, भोंगा गोठला होता. हालदीस धक्क्यावर उभी राहून त्याला सुरी दाखवत होती, असंही लोक सांगतात.

गुनवोर बाळाला उराशी धरून पायरीवर बसून होती. चाकाला बांधलेल्या दोरीचं कापलेलं टोक तिनं आपल्या मनगटाला गुंडाळून घेतलं होतं.