ओरिसाकीची मॅच

चित्राने कम्युनिटी सेंटरचा दरवाजा दुसऱ्यांदा ओढून पाहिला. आत अंधार होता. काचेवरच्या पाटीप्रमाणे शनिवारी सेंटर आठला उघडायचं, आणि आई तर सहाच्या आधीच घरातून निघाली होती. सेंटरच्या ट्रॅकवर चालायला जाते, असं ती मार्चपासून दर शनिवारी सांगत होती. आज ती फोन विसरली नसती, तर चित्रा तिच्यामागे आलीच नसती.

ती गाडीत बसली आणि हळूहळू प्लाझाला वळसा घालून निघाली. पलीकडच्या तपकिरी कॉन्डोच्या दारात आईचं जांभळं जॅकेट दिसलं. हातात डब्याची पिशवी होती. आतून एका माणसाने दार उघडलं. तो सत्तरीच्या पुढचा, किडकिडीत, जपानी दिसणारा होता, आणि मे महिन्यात त्याने गळ्यात हिरवा मफलर गुंडाळला होता. तो काहीतरी म्हणाला तशी आई मान मागे टाकून हसली. दोघं आत गेले आणि दार लागलं.

चित्राने फोन तिथे दिला नाही. घरी येऊन तो आईच्या उशीजवळ ठेवून दिला.

आई परतली तेव्हा चित्रा ओट्याशी उभी होती.

"किती राउंड झाले?"

"झाले की. मोजते कोण." आईने डबा नळाखाली धरला.

"सेंटर आठला उघडतं, आई."

आईने डबा विसळला, पालथा घातला, पदराला हात पुसले. या सगळ्याला तिने जरा जास्तच वेळ घेतला.

"पाहिलंस तर."

"कोण आहे तो?"

"हायाशीदादा. लायब्ररीत ओळख झाली. त्यांच्याकडे मॅच बघायला जाते."

"कसली मॅच?"

"फुटबॉल. ओरिसाकीची."

त्या माणसाचं आडनाव हायाशिदा असणार, हे चित्राच्या लगेच लक्षात आलं. पुण्यात तिने जपानी शिकून घेतलं होतं, कंपनीतर्फे दोन वर्षं जपानात, नागोयाला ऑनसाइटही काढली होती. आईने मात्र त्या आडनावाचा परस्पर दादा करून टाकला होता.

"आणि हे लपवायचं काय होतं?"

"आत्ता केलंस नं, तसंच तोंड केलं असतंस म्हणून."

मग आई खुर्ची ओढून बसली आणि जणू माहेरची हकिगत सांगावी तशी त्या क्लबची हकिगत सांगू लागली. ओरिसाकी हे समुद्रकाठचं लहानसं गाव. तिथे सुताची मिल होती. पाळी सुटली की कामगार मागच्या वाळूत फुटबॉल खेळायचे, त्यातून मिलची टीम झाली. हायाशीदादा रंगखात्यात होते, टीमचे कपडे तेच रंगवायचे. पुढे मिल बंद पडली. मिल म्हणताना आई जराशी थांबली. पण गावाने टीम बंद पडू दिली नाही. मच्छीमार, शाळामास्तर, न्हावी, सगळे मिळून मालक झाले आणि त्याचा क्लब केला. मोठमोठ्या शहरांच्या टीमशी खेळत तो क्लब एक वर्ष अगदी वरच्या लीगमध्ये पोचला. पुढच्याच वर्षी खाली आला, ती गोष्ट वेगळी. तोवर हायाशीदादा बायकोबरोबर कॅनडात आले होते. तिकडे संध्याकाळी मॅच सुरू झाली की इकडे पहाट असायची. नवराबायको चहा घेऊन टीव्हीसमोर बसायचे. आता बायको नव्हती.

"एवढं सगळं तुला कळलं कसं? तुला इंग्लिश येत नाही, त्यांनाही धड येत नसणार."

"येतं तेवढं पुरतं," आई म्हणाली.

नवऱ्याला, क्षितिजला, चित्राने दुपारी सांगितलं. तो खाली बेसमेंटमध्ये विंटर टायर रचून ठेवत होता.

"आईंचा वेळ मजेत जातोय ना? लेट इट बी."

"एकट्या म्हाताऱ्या बायकांना गोड बोलून घोळात घेणारे कमी नाहीत इथे, क्षितिज."

"सेफ वाटत नसेल तर जाऊन भेट त्यांना."

तिने आधी क्लब शोधला. नाव जपानीत टाईप करताच सगळं समोर आलं. गाव, मिल, वाळूतलं मैदान, वरच्या लीगमधलं ते एक वर्ष. आईने सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. शेवटच्या परिच्छेदाशी मात्र चित्राचा अंगठा थांबला. गावात तरुण उरले नाहीत, मोठा प्रायोजक निघून गेला, आणि तीन वर्षांपूर्वी क्लब विसर्जित करण्यात आला. मैदानाच्या जागी आता सुपरमार्केटचं पार्किंग होतं.

तिने ते पुन्हा वाचलं. क्लबच नव्हता, तर दर शनिवारी मॅच कोणाची चालली होती?

त्या आठवड्यात ती आईकडे नव्या नजरेने बघत राहिली. आईने आरशासमोर उभं राहून जॅकेटची कॉलर दोनदा सारखी केली. शुक्रवारी ग्रोसरीतून कोथिंबिरीच्या चार जुड्या आणवल्या आणि सांबारवड्या तळल्या. नागपूर सोडल्यापासून सांबारवड्या या घरात झाल्या नव्हत्या. चित्राने एक उचलली तशी आई म्हणाली, "थांब, आधी त्यांच्या काढते."

"उद्या मी पण येते," चित्रा म्हणाली.

तिला वाटलं होतं, आई काहीतरी सबब सांगेल.

"ये की," आई म्हणाली. तेवढ्यानेही चित्राचा संशय वाढलाच.

हायाशिदांनी दारातच वाकून नमस्कार केला. चित्राने इंग्लिशमध्ये हॅलो म्हटलं, जपानी येतं हे सांगितलं नाही. घर नीटनेटकं होतं. सोफ्यावर दोन उश्या, समोर टीव्ही, कोपऱ्यात बायकोचा फोटो आणि त्यापुढे वाटीत भात. आईने डब्यातली पहिली वडी त्या फोटोपुढे ठेवली, मग बाकीच्या बशीत काढल्या. ही रीत नेहमीची असावी, कारण हायाशिदा तोवर रिमोट हातात घेऊन थांबले होते.

मॅच सुरू झाली. हिरव्या कपड्यातली टीम ओरिसाकीची. आई पुढे सरकून बसली.

"पास दे, पास दे! काय हा हावरटपणा!"

हायाशिदाही त्याच सुरात काहीतरी ओरडले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पडद्यावर खालच्या बाजूला तारीख आली आणि गेली. चित्राने ती वाचली. जपानी पद्धतीने लिहिलेलं, आधीच्या सम्राटाच्या काळातलं साल होतं, वीसएक वर्षांपूर्वीचं. तिने टीव्हीखाली वाकून पाहिलं. डिस्कचा जुना प्लेयर मंद घरघरत होता.

म्हणजे हा माणूस आईला फसवत होता. तिचा संशय खरा ठरला होता, आणि तरी तिला हवं तसं बरं वाटलं नाही.

"ही मॅच जुनी आहे," ती जपानीत म्हणाली. "तुमचा क्लब तीन वर्षांपूर्वी बंद झालाय. माझ्या आईला हे माहीत आहे का?"

हायाशिदांच्या हातातला कप बशीवर वाजला. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग चित्राकडे. त्यांचे कान लाल झाले होते.

"नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पहिल्या दिवशी त्या चहाला आल्या होत्या. ही डिस्क चालू होती. मॅच संपेपर्यंत बसल्या आणि आम्ही जिंकलो तेव्हा टाळ्या वाजवल्या. मग विचारलं, पुढची मॅच कधी?" त्यांनी कप बाजूला सारला. "पुढची मॅच कधी, हे मला तीन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, शनिवारी. हे चुकलंच माझं. आज मी त्यांना सांगतो. तुम्ही भाषांतर करा."

त्यांनी रिमोट उचलला, आवाज बंद केला आणि गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले.

"काय झालं गं?" आईने पडद्यावरची नजर न काढता विचारलं. "काय म्हणतायत?"

"आई, ते म्हणतायत की..."

"क्लब बंद पडलाय, हेच ना?"

चित्रा तिच्याकडे वळली.

"त्या गोलकीपरकडे बघ. मार्चमध्ये त्याला टक्कल होतं, आज कपाळावर झुलपं आहेत," आई म्हणाली. "मी काय आंधळी आहे? क्लब चालू असता, तर जुन्या मॅच कशाला लावल्या असत्या?"

"मग इतके दिवस..."

"तुझ्या बाबांची मिल गेली आणि मिलची फुटबॉल टीमही गेली. तू लहान होतीस. ते रोज संध्याकाळी बूट घालून ग्राउंडवर जायचे आणि कट्ट्यावर बसून परत यायचे. मी दारातच विचारायची, कशाला जाता, आहे कोण तिथे? रोज विचारायची." तिने बशीतली वडी मोडली, पण खाल्ली नाही. "एक दिवस त्यांच्यासोबत जाऊन बसले असते तर काय बिघडलं असतं?"

चित्राला ते बूट आठवत नव्हते. बाबा संध्याकाळी घरी नसत, एवढंच आठवत होतं.

"त्यांना सांगू नको, मला कळलंय म्हणून," आई म्हणाली. "उगाच लाजतील."

पडद्यावर हिरवी टीम आवाजाविना धावत होती. हायाशिदा दोघींच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होते.

"काय म्हणाल्या तुमच्या आई?" त्यांनी विचारलं.

चित्राने शब्द जुळवले. आजच्या आधी जपानीत बोलून तिला बरीच वर्षं झाली होती.

"आई विचारतेय," ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी समोर कोणती टीम आहे?"

हायाशिदांनी रिमोट घेऊन आवाज पुन्हा सुरू केला, हळूहळू वाढवत नेला.

"पुढच्या शनिवारी," ते म्हणाले, "टीम फार अवघड आहे."

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"अवघड आहे म्हणाले."

"असू दे," आई म्हणाली आणि थोडी सरकून तिने चित्राला सोफ्यावर जागा करून दिली.