नऊ नंबर गळत नव्हती

मी एक जुनी बाटली आहे, मित्रांनो. पण डोळ्यांपुढे सरबताची बाटली आणू नका हं! मी चांगली कमरेएवढ्या उंचीची राखाडी नळी आहे. वर झाकण, खाली झाकण, पोटाला तोटी आणि खांद्यावर हवेचा एक स्क्रू. ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट बंदरातून दक्षिणेच्या समुद्रात जाणाऱ्या संशोधन जहाजावर मी आणि माझ्या बहिणी लोखंडी चौकटीत गोल उभ्या असतो. माझा नंबर नऊ.

आम्हाला उघड्या तोंडानं खोल पाण्यात सोडतात. ठरलेल्या खोलीवर वरून हुकूम येतो, झाकणं खाडकन मिटतात आणि तिथलं पाणी पोटात घेऊन आम्ही वर येतो. कारखान्यांचा, गाड्यांचा धूर समुद्र मुकाट गिळतो आणि आंबट होत जातो. किती आंबट झाला, ते आमच्या पाण्यावरून कळतं. एवढं विश्वासाचं काम! मला त्याचा ताठा होता, खोटं कशाला सांगू?

आमची सगळी उस्तवार मार्नीकडे. तिच्या वडिलांची खाडीत कालवांची शेती. अलीकडे कालवांच्या पिल्लांची शिंपली नीट धरेना. आंबट पाण्यात शिंपली झिजते, म्हणून प्रत्येक आकडा मार्नी धास्तावून बघायची. कामात मात्र भारी कडक. कुणी बाटलीवर वाकला की ओरडायची, "तोंड मिट रे! तुझा श्वास मोजायला नाही आलो आपण इथं!"

पाणी काढण्याआधी आमची परीक्षा होते. हवेचा स्क्रू बंद ठेवून तोटी ओढायची. हवा आत शिरल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही; म्हणून पाणी आलं नाही तर बाटली धड, आलं तर गळकी. गळक्या बाटलीचंही पाणी तपासायचं, पण तिचा आकडा धरायचा नाही, हा इथला नियम.

त्या दुपारी थंडीनं मार्नीची बोटं बधिर झाली होती. तिनं घाईत आधी माझा स्क्रूच सैल केला. तेवढ्यात खलाशांच्या मुकादमानं, टेविटानं, आल्याचं बिस्किट पुढे केलं.

"खा बये, नाहीतर परत कठड्याला मिठी मारून ओकत बसशील!"

ती हसली, बिस्किट तोंडात टाकलं, वळली आणि तोटी ओढली. पाणी भळाभळा आलं.

"नऊ गळकी!"

माझ्या पोटावर लाल पट्टी चिकटली. टेविटा म्हणाला, "म्हातारी झाली बिचारी. आता हिच्यात छत्र्या ठेवू." सगळे खो खो हसले. मित्रांनो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं; पण जहाजावर धरणी तरी कुठली?

नियमाप्रमाणे माझंही पाणी तपासलं गेलं. त्या खोलीवर एवढं आंबट पाणी आजवर कधीच मिळालं नव्हतं. प्रमुख शास्त्रज्ञ इश्बेल आकड्याकडे बघतच राहिल्या.

"अहो, ती गळकी होती. सोडून द्या," मार्नी म्हणाली. केवढी सुटका वाटली होती तिला!

पुढच्या थांब्यावर मार्नीनं माझ्या शेजारणीचा स्क्रू सैल केला, तोटीकडे हात नेला आणि तो तिथंच थबकला. "अगं बाई, मी हे काय करतेय?" ती पुटपुटली. मग हळूच माझ्याकडे बघितलं. कुणाला काही कळलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर तो आकडा कायमचा गेला असता.

तिनं माझी पट्टी ओढून काढली. "इश्बेल, नऊ गळत नव्हती. मीच स्क्रू आधी सैल केला होता."

"नक्की?"

"नक्की. तो आकडा धरा."

टेविटानं टोपी काढून मला म्हटलं, "माफ कर गं आजीबाई."

मला काय आनंद झाला! अब्रू परत मिळाली! मी मनातल्या मनात नाचत होते, आणि समोर मार्नी हातमोज्यानं डोळे पुसत होती. "बाबांना काय सांगू आता?" एवढंच ती म्हणाली.

तेव्हा मला खरी लाज वाटली. लाल पट्टीची लाज पट्टीबरोबर निघून गेली. ही अजून जात नाही. मी खरी ठरले म्हणजे समुद्र नासला होता, आणि मी त्याचा आनंद करत होते!

मित्रांनो, मला पुन्हा त्याच खोलीवर सोडतील. असेल तेच पाणी मी आणणार, दुसरं मला जमत नाही. धूर कमी करणं तुमच्या हातात आहे. माझ्या पाण्याचा आकडा बघून मार्नीला पुन्हा डोळे पुसायला लागू नयेत, एवढंच या म्हातारीचं मागणं आहे.