गालातला जवळा

एवढासा जवळा... नखाएवढ्या कोळंबीसारखा, सुकवलेला, लाळेनं पुन्हा मऊ पडलेला, पण डोळ्याचा काळा ठिपका अजून शाबूत. बोटाला गुंडाळलेल्या ओल्या गॉजवर तो आला आणि मनिषा त्याच्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या हातानं तिनं काशिरामआबांची हनुवटी धरून ठेवली होती. झटक्यानं त्यांची डावी बाजू गेली तेव्हापासून त्या गालात अन्न साचून राहायचं, त्यांना ते कळायचंही नाही; म्हणून सकाळी उठल्यावर आणि प्रत्येक जेवणानंतर तिथं बोट फिरवायचं. सापडायची ती खिमटीची पेज, फार तर केळ्याची एखादी शीर. पण जवळा? डॉक्टरांनी चावायचं सगळंच बंद केलेल्या माणसाच्या तोंडात?

आबा तिच्याकडे बघत होते. की नव्हते? उजवा डोळा तिच्यावर होता खरा, पण त्यात काही लपवल्यासारखं...

“कोणी दिलं, आबा?”

त्यांनी तोंड मिटलं. या वृद्धाश्रमात आल्यापासून ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते, तर आज काय बोलणार.

जवळा गॉजमध्ये गुंडाळून तिनं खिशात ठेवला. फेकून का दिला नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कशाचा पुरावा, आणि कोणाविरुद्ध?

शांती. पहिलं नाव तेच आलं. काल संध्याकाळची पाळी शांतीची होती, ती समुद्रकाठच्या करंजाची, सुट्टीहून येताना पिशवीभर सुकी मासळी घेऊन यायची आणि सगळ्यांना वाटायची. मनिषानं तिला कपडे वाळत घालताना गाठलं.

“काल रात्री आबांचं तोंड साफ केलं होतंस?”

“केलं ना,” शांती चटकन म्हणाली.

फार चटकन. साफ केलं असेल तर जवळा राहिला कसा? आणि केलं नसेल तर ती खोटं बोलली, आणि या बाबतीत खोटं बोलणारी आणखी काय काय... “का गं?” शांतीनं विचारलं, तेव्हा मनिषा “काही नाही” म्हणून वळली. पाठीवर शांतीची नजर जाणवत होती. किंवा जाणवत नव्हती. मनिषाच ती तिथं चिकटवून चालली होती.

गेल्या पावसाळ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजी गेल्या, त्या अशाच. पाहुण्यांपैकी कोणीतरी प्रेमानं बर्फी भरवली होती. ठसकाही जोरात लागला नाही. नुसती घुरघुर, मग ताप, मग फुप्फुसात पू झालाय हे डॉक्टरांचं शांत वाक्य. मनिषाला ती घुरघुर अजून ऐकू यायची, एसटी स्टँडवरच्या गोंगाटातसुद्धा. स्टँडामागच्या रुग्णसेवेच्या क्लासमध्ये मॅडम सांगायच्या, भरवणं म्हणजे तोंडात टाकणं नव्हे. बसतं करा, हनुवटी छातीकडे, अर्धा चमचा, धड बाजूनं. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की मगच पुढचा घास. मनिषा हे सगळं करायची. मग तिच्या पाठीमागे कोण हे मोडत होतं?

दुपारी आबांची मुलगी दिपिका आली. रोज यायची, नेमकी मनिषाची जेवायची वेळ गाठून. हे आजवर कसं लक्षात आलं नाही? आबांना इथं ठेवलं होतं तिच्या भावानं, प्रितमनं. जमिनीवरून भावंडांचं बोलणं बंद होतं असं ऑफिसात कुजबुजायचे. म्हातारा गेला तर कोणाचं फावतं... छे. असलं मनात येतंच कसं? पण आलं होतं, आणि एकदा आल्यावर ते जागा धरून बसलं. मनिषा डबा घेऊन बाहेर पडली आणि मागच्या दारानं परत येऊन पडद्याआड उभी राहिली.

दिपिकानं पदराखालून पुडी काढली. चिमूटभर जवळा स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावत राहिली. खूप वेळ, आबांकडे बघत, लहान मुलासाठी चावतात तसा. मग त्याचा लगदा बोटावर घेऊन तिनं त्यांच्या ओठांशी नेला. आबांनी मान पुढे केली. मान पुढे केली! मनिषानं हे कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा उजवा गाल हलत राहिला, डोळे मिटले, आणि घोगरा, गंजलेला आवाज आला—

“मीठ... कमी हाय.”

दिपिका हसली, आणि हसता हसता तिला पडद्याखालच्या चपला दिसल्या.

“सिस्टर, नका सांगू कुनाला,” ती उठून उभी राहिली. “मिठागरावरचा मानूस हाय तो. तुमी देता ते गिळतो, पन खात नाय वो.”

“श्वासनळीत गेलं तर? माणूस जातो, दिपिकाताई. मी पाहिलंय.”

“मंग कसा देऊ? तुमीच सांगा ना.”

नाही म्हणायचं होतं. मोठ्या सिस्टरांना बोलवायचं होतं. त्याऐवजी मनिषा पुढे झाली, पाठीमागे उशी घालून तिनं आबांना ताठ केलं, आणि तिचाच आवाज तिला ऐकू आला: “डावीकडून नाही. उजवीकडून. आणि घाटी हलेपर्यंत थांबायचं.” दिपिका थांबली. घाटी वर गेली, खाली आली. शेवटी मनिषानं स्वतः गालात बोट फिरवलं, तेव्हा आत काहीच नव्हतं.

संध्याकाळी ती खिमटीची वाटी घेऊन बसली. चमच्यानं खालचा ओठ जरासा दाबला की तोंड आपोआप उघडतं, ही युक्ती तिनं या खाटेवर शेकडो वेळा वापरली होती, आणि दर वेळी तिला वाटलं होतं, आबा हो म्हणतायत. तिनं ओठ दाबला. तोंड उघडलं. हे हो होतं का? की नुसती बिजागरी?

घास गेला. मग एक खोकला... बारीकसा, कोरडा. कालही असाच होता का? तिनं कपाळावर हात ठेवला. कपाळ गरम होतं की हात गार? हे मोठ्या सिस्टरांना सांगायचं तर दुपारचंही सांगावं लागेल, आणि दुपारचं सांगितलं की पडदा ओढून घेतल्यासारखं ते तोंड पुन्हा... शांती पाळीवर आली, म्हणाली, “जा ना आता घरी, मी आहे.” मी आहे म्हणजे काय, कोण कोणावर लक्ष ठेवायला आहे? मनिषा स्टुलावरून उठली नाही. आबांच्या छातीशी कान नेऊन ती ऐकत राहिली. आत काहीतरी वाजत होतं, श्वास असेल, किंवा घुरघुर. आणि आज पहिल्यांदाच तिचा स्वतःच्या कानावर विश्वास बसेना.